लांब बेल

माझी सून मला फार आवडते असा कुणी समज करून घेऊ नये. भांडी घासते तेव्हा अर्धा साबण भांड्यालाच ठेवते, कपड्यांच्या घड्या उशीसारख्या घालते, आणि बोलायला लागली की मुद्द्यावर यायच्या आधी चार गल्ल्या फिरून येते. पण ती माझ्या घरची आहे. तिला नावं ठेवायची ती मी ठेवीन. बाहेरच्याने तिला बोट लावायचं काम नाही.

ती पालिकेत लागली त्याला वर्ष होत आलं होतं. पाणीपट्टीचं खातं, खिडकीमागची खुर्ची. नोकरी अजून कच्ची होती. वर्ष सरळ गेलं आणि साहेबाने शेरा बरा दिला की पक्की होणार होती. माझा मुलगा जळालेल्या मोटारी गुंडाळून देतो, पंख्यांच्या, पंपांच्या. त्याचं दुकान चाललं तर चाललं, नाहीतर दिवसभर माशा. म्हणून तिच्या नोकरीकडे आम्ही सगळेच उतू जायला आलेल्या दुधाकडे बघावं तसे डोळे लावून होतो.

घरात कपडे मी धुते. यंत्र आहे, पण यंत्राला कुठे घासायचं ते कळत नाही. एकदा तिचा कामावरचा स्वेटर हातात घेतला आणि नाकात वास गेला. अत्तराचा. त्यातही चांगल्या अत्तराचा नव्हे. बंद खोलीत फुलं कुजावीत आणि त्यावर कुणी औषध मारावं, तसा. आणि सगळ्या स्वेटरला नाही, फक्त उजव्या खांद्याला.

असल्या वासाने सासूच्या डोक्यात पहिलं काय येतं ते सांगायला नको. मी आडपडदा ठेवला नाही. स्वेटर तिच्यासमोर धरला.

"हा कुणाचा?"

ती एकही गल्ली फिरली नाही. म्हणाली, "साहेबाचा."

आणि माझ्या हातातून स्वेटर ओढून घेऊन तो खांदा दगडावर घासत सुटली. घासता घासता सांगत होती. साहेब खुर्चीच्या मागे येऊन उभा राहतो. 'दाखव बाळ, काय केलंस,' म्हणतो आणि संगणकात बघायच्या निमित्ताने हनुवटी खांद्यापर्यंत आणतो. केबिनमध्ये बोलावतो, पण टेबलासमोर उभं राहू देत नाही. 'इकडून नीट दिसेल,' म्हणत आपल्या बाजूला घेतो. मग पाठीवर हात. हिने तो हात काढला की म्हणतो, 'पक्की व्हायचंय ना बाळ?' तोंडात सतत लवंग. ती चावून झाली की तिचा चोथा टेबलावरच्या बशीत काढून ठेवतो, आणि ती बशीही हिनेच उचलायची.

ऐकताना मला राग नंतर आला. आधी किळस आली. अंगावरून झुरळ गेलं तर माणूस भांडत बसत नाही, आधी झटकतो.

"आणि तू काय केलंस?"

"आज तक्रार दिली. मुख्याधिकाऱ्यांच्या हातात."

"नवऱ्याला सांगितलंस?"

"तुम्हाला तरी कुठे सांगितलं होतं?"

हे मात्र मला आवडलं. तिला बोलून दाखवलं नाही.

मुलगा संध्याकाळी आला आणि ऐकून खाटेवर बसला. हात अजून वॉर्निशने काळे होते. म्हणाला, "दुकानाचा परवाना त्याच पालिकेत आहे, आई. या वर्षी नवा करायचाय."

मी म्हटलं, "मग बायको दे त्यांना, परवाना आण."

तो खाली मान घालून बसला. खाली मान घालणं त्याला छान जमतं, बापाचं सगळं घेतलंय.

दोन दिवसांत आमच्या वॉर्डाचा मेंबर दारात. निवडून आल्यापासून या गल्लीत त्याची सावली पडली नव्हती. आता चप्पल काढून, हात जोडून.

"काकू, कशा आहात?"

"तुम्ही मतं मागायला आलात तेव्हा होते तशीच."

हसला. त्याचं हसू तयार असतं, खिशातल्या कंगव्यासारखं. चहा घेतला आणि म्हणाला, "हे प्रकरण आपण घरातल्या घरात मिटवू. पालिका म्हणजे एक कुटुंबच की हो."

"कुणाचं कुटुंब? माझ्या कुटुंबात असलं कुणी निघालं असतं तर उंबऱ्याबाहेर जेवला असता."

"काकू, साहेब मनाने प्रेमळ आहेत. सगळ्यांना बाळ म्हणतात."

"शिपायाला म्हणतात?"

"तो आता पिकला. त्याला कसे बाळ म्हणतील?"

"मग तुम्हाला म्हणतात? तुम्ही तर अजून काळे आहात. निदान केसांना रंग तरी लावता."

त्याने कप खाली ठेवला. आवाज आणखी मऊ केला. अशा माणसाचा आवाज मऊ झाला की समजावं, सुरी बाहेर निघाली. "नियम असा आहे काकू, की तक्रार खोटी ठरली तर उलट तक्रार करणाऱ्यावरच येतं. तिची नोकरी कच्ची. साहेबाविरुद्ध खात्यातली एक बाई बोलणार नाही, मी विचारून आलोय. उगाच लेकराचं नुकसान. आणि चिरंजीवांचा परवानाही यायचाय ना टेबलावर?"

मुलगा माझ्याकडे बघत होता. सून दाराच्या चौकटीला टेकून त्याच्याकडे.

मी म्हटलं, "मेंबर, तुमची थोरली लेक शिकून घरी बसलीय ना? तिला लावा की त्या खात्यात. इतका प्रेमळ साहेब कुठे मिळणार?"

अर्धा चहा टाकून उठला. कपावर त्याच्या ओठांचा तेलकट ठसा होता. तो कप मी राखेने घासला.

चौकशी लागली. नियमाप्रमाणे समिती, आणि समितीच्या डोक्यावर बाहेरची बाई हवी म्हणून गावातल्या एक वयस्क डॉक्टरीणबाई. बाकीचे दोघे पालिकेतलेच. एक लिहायला, एक मान हलवायला. सभागृहाला रंग चालला होता म्हणून बसायची सोय कुठे केली? साहेबाच्याच केबिनमध्ये. ज्या खोलीत घाण झाली त्याच खोलीत घाणीची चौकशी. साहेब बाजूच्या खुर्चीवर बसला होता, घरी पाहुणे आल्यासारखा. त्याने पंखा किती ठेवायचा तेसुद्धा विचारलं.

मी सुनेबरोबर गेले होते. शिपाई म्हणाला, "आजी, तुम्हाला आत जाता येणार नाही."

"जायचंय कुणाला? बाहेरच एवढा वास येतोय."

मला बाहेर बाकावर बसवलं. समोर खात्याचा हॉल. टेबलांवर फायलींचे ढीग, फायलींवर धूळ आणि धुळीवर चहाच्या कपांची वर्तुळं. केबिनच्या दाराला वर स्प्रिंग बसवलेली. कुणी आत गेलं की दार आपोआप सरकत यायचं आणि 'खट्' करून लागायचं. मी तो आवाज ऐकत बसले होते. प्रत्येक वेळी मला वाटायचं की कुणीतरी तोंड मिटलं.

त्या खात्यात सुनेखेरीज बायका दोनच. एक कॅशियरबाई, चष्म्याला साखळी, तोंडाला कुलूप. दुसरी टायपिस्ट मुलगी, नुकती शाळा सुटल्यासारखी दिसणारी. आधी कॅशियरबाईला आत बोलावलं. ती गेली, आणि माझ्या पायातला खडा काढून होईपर्यंत परतही आली. माझ्यासमोरच, मी म्हणजे जणू बाकाचा पाय, ती टायपिस्टला म्हणाली, "मी सांगितलं आपल्याला काही माहीत नाही. तूही तेच सांग. आपल्याला रोज इथेच यायचंय."

मुलीने मान हलवली. आत गेली, तेच सांगून आली.

मी म्हटलं, "बाई, चष्मा कशाला लावता मग?"

तिने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. कानही बहुतेक साखळीलाच टांगले होते.

जेवणाची वेळ टळून गेली. आत आता समितीपुढे साहेब आणि सून समोरासमोर, दार बंद. मला काही ऐकू येत नव्हतं, फक्त साहेबाचा आवाज मधूनमधून. माझ्या सुनेचा येत नव्हता. म्हटलं, मेंबर बोलला तसंच होणार. 'साक्ष नाही, पुरावा नाही' म्हणत पोरीला खोटारडी ठरवतील, नोकरी काढून घेतील आणि हा माणूस संध्याकाळी पेढे वाटल्यासारखा हसत घरी जाईल.

तेवढ्यात बेल वाजली.

सकाळपासून बेल बऱ्याचदा वाजली होती. टुर्र, की शिपाई आत. पण ही वाजतच राहिली. मागाहून कळलं, डॉक्टरीणबाईंना पाणी हवं होतं आणि त्या टेबलावरच्या बेलची सवय नसल्याने त्या बटण दाबून धरून बसल्या होत्या.

शिपाई जागचा हलला नाही. उठल्या त्या दोन बायका.

कॅशियरबाईने हातातलं पेन टाकलं, हाताला लागतील त्या फायली उचलल्या आणि दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरल्या. टायपिस्ट मुलीनेही कागदांचा एक गठ्ठा तसाच उराशी धरला. एकीने दुसरीकडे बघितलं नाही, काही बोलल्या नाहीत. रस्ता ओलांडताना आपण मनात काही न आणता पोराचा हात धरतो ना, तशा त्या दोघी दाराशी गेल्या. कॅशियरबाई पुढे होऊन आत शिरली. मुलगी उंबऱ्यावर थांबली आणि दार सरकत यायला लागताच तिने आपला पाय त्यात अडकवला. दार उघडंच राहिलं.

म्हणून मला सगळं दिसलं, सगळं ऐकू आलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मला जरा पाणी हवं होतं."

"हो, आणते," कॅशियरबाई म्हणाली आणि मागे वळली.

"थांबा. या फायली कसल्या?"

कॅशियरबाईने पहिल्यांदा आपल्या हातांकडे बघितलं. "या? या... कुत्र्यांच्या परवान्याच्या."

"मी कुत्रा पाळत नाही. आणि तुमच्याकडे काय आहे हो, दारात?"

"कोरे कागद," मुलगी म्हणाली.

"पाणी द्यायला दोघी आणि कोरे कागद?"

"बेल लांब वाजली म्हणून—"

"गप," कॅशियरबाई दातांतून म्हणाली.

"बोलू द्या तिला. लांब वाजली म्हणजे?"

"छोटी बेल शिपायाला. लांब बेल आम्हाला."

"आणि तुम्ही दार का धरून ठेवलंय?"

"त्याला स्प्रिंग आहे. आपोआप लागतं."

"लागलं तर काय होतं?"

खुर्चीत साहेब हलला. लवंग गालात सरकवून म्हणाला, "मॅडम, ही आमच्या ऑफिसची शिस्त आहे. मी लावलेली."

"तुम्हाला विचारलं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मग मला बाकावर बसवेना. मी उठून त्या मुलीच्या मागे जाऊन उभी राहिले. म्हटलं, "पोरी, पाय काढ की. लागू दे दार. आत एवढी माणसं आहेत, तुझे प्रेमळ साहेब आहेत."

तिने मान फिरवून माझ्याकडे बघितलं. डोळे भरले होते, पण पाय दारात रुतवल्यासारखा होता.

"नाही काढणार," ती म्हणाली.

डॉक्टरीणबाई लिहिणाऱ्याकडे वळल्या. "लिहून घ्या."

"काय लिहू मॅडम? कुणी काही बोललंच नाही."

"पाय लिहा. दारातला पाय लिहा, छातीशी धरलेल्या कुत्र्यांच्या फायली लिहा. मग बाकीचं सुचेल तुम्हाला."

त्यानंतर कॅशियरबाईला खुर्ची द्यावी लागली. तिने चष्मा काढला आणि तो साखळीवर लोंबत राहिला. हळूहळू सगळं आलं. एकटीने आत जायचं नाही. हात मोकळे ठेवायचे नाहीत. टेबलाच्या पलीकडे जायचं नाही. मागचीने दार लागू द्यायचं नाही. ही रीत तिनेच पाडली होती आणि ही मुलगी लागली तेव्हा पहिल्याच दिवशी तिलाही शिकवली होती. सकाळी दोघी काही माहीत नाही म्हणाल्या, आणि आता त्यांच्या हातापायांनी त्यांना खोटं पाडलं होतं.

मला वाटलं, जिंकलो. मनात म्हटलं, चला, निदान या बायका तरी माणसांत आहेत.

मग डॉक्टरीणबाईंनी माझ्या सुनेला विचारलं, "तुम्हाला ही रीत कुणी शिकवली?"

"मला?" सून म्हणाली. "मला कुणी काहीच सांगितलं नाही. मला साहेब नावाने हाक मारायचे, मी एकटीच जायचे. मला वाटायचं, या दोघींना माझ्याशी बोलायचंच नाही."

डॉक्टरीणबाईंनी कॅशियरबाईकडे बघितलं. "का नाही सांगितलंत?"

कॅशियरबाईने मांडीवरच्या कुत्र्यांच्या फायली सारख्या केल्या.

"ती आल्यापासून आम्हाला लांब बेल येईनाशी झाली," कॅशियरबाई म्हणाली. "आज किती महिन्यांनी वाजली. आम्ही म्हटलं... सुटलो."

खरं सांगते, त्या साहेबाची किळस मला पाठ झाली होती. त्याचा वास, त्याची बशी, त्याचं बाळ-बाळ, सगळ्याला मन तयार करून गेले होते. या एका शब्दाला मी तयार नव्हते. सुटलो! उंदीर लागलेल्या पोत्यावर दुसरं पोतं टाकावं तसं माझ्या घरचं माणूस यांनी पुढे टाकलं होतं आणि शेजारच्या टेबलावर बसून रोज डबा खाल्ला होता. मला तिथेच ओकारी आली असती. सून मात्र रडली नाही. तिने कॅशियरबाईकडे असं बघितलं की मीसुद्धा नजर खाली घेतली, आणि मी सहसा घेत नाही.

बाहेर पडताना साहेब मला आडवा आला. "आई, गैरसमज झालाय. तुम्ही मोठ्या आहात."

"आई म्हणू नकोस," मी म्हटलं. "तुला पोटात वागवलं त्या बाईची दया येते मला. बाजूला हो. स्वेटर धुऊन वाळत घातलाय, पुन्हा वास नको."

मुख्याधिकाऱ्यांनी आधी त्याला आरोग्य खात्यात बदलायचं काढलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तिथे नर्सा नाहीत का? तेव्हा कुठे निलंबन झालं. सगळे म्हणाले, झालं, मिटलं. कसलं मिटतंय? निलंबन म्हणजे घरी बसून पगार खाणं. त्याने वकील दिला. वरून मोठी चौकशी लागली आणि तिच्यात पुन्हा पहिल्यापासून सगळं. वकिलाचं म्हणणं, डॉक्टरीणबाईंनी बायकांना घाबरवून हवं ते वदवून घेतलं. टायपिस्ट मुलीच्या बापाने मुलीला राजीनामा द्यायला लावला आणि दूर काकाकडे पाठवून दिलं. राहिली कॅशियरबाई. ती मोठ्या चौकशीत उभी राहून बोलली तर तो जाणार. ती फिरली तर तो परत त्याच खुर्चीत बसणार आणि माझ्या सुनेचा शेरा त्याच्याच हातात. मुलाचा परवाना अजून टेबलावर लोळत होताच.

एका सुट्टीच्या दिवशी दुपारी दार वाजलं. मुलाने उघडलं. कॅशियरबाई. साध्या कपड्यांत ती आणखी बारीक दिसत होती. हातात फळांची पिशवी.

मी दारातच अडवली. "फळं आजाऱ्याला नेतात. इथे कुणी आजारी नाही. आजार तुमच्या ऑफिसात आहे."

"मला तिच्याशी बोलायचंय."

"इतके महिने शेजारी बसलात तेव्हा जीभ भाड्याने दिली होती का?"

तिने पिशवी दुसऱ्या हातात घेतली. तशीच उभी राहिली. मी दार लावणार, एवढ्यात आतून सून म्हणाली, "आई, त्यांना आत येऊ द्या."

"हिला? माझ्या घरात?"

"माझ्याही."

असं ती मला कधी बोलली नव्हती. मुलगा पुढे काय होतं ते बघत भिंतीला चिकटला. मी बाजूला झाले, पण एवढीच की तिला अंग चोरून आत यावं लागलं.

सुनेने तिला बसायला सांगितलं आणि समोर बसली. गल्ल्या नाहीत, वळसे नाहीत. "माफी मागायला आला असाल तर मला ती नकोय. तुम्ही मोठ्या चौकशीत बोलणार की नाही, एवढंच सांगा."

"वकील काल घरी आला होता," कॅशियरबाई म्हणाली. "म्हणाला, 'मला आठवत नाही' एवढंच म्हणायचं. माझी निवृत्ती जवळ आलीय."

"मग?"

"मी तिथे बोलले तर मला हेही सांगावं लागेल. तुझ्याबद्दलचं. सुटलो म्हटल्याचं. सगळ्यांसमोर, पुन्हा."

"हो," सून म्हणाली. "सांगावं लागेल. तेच जास्त उपयोगाचं आहे."

कॅशियरबाई पिशवीचे बंद बोटांना गुंडाळत बसली. मग म्हणाली, "तारखेला तू माझ्याबरोबर आत येशील?"

"मला आत येऊ देणार नाहीत. बाहेर असेन. दार उघडं ठेवायला सांगेन."

"बरं," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "बोलेन."

सुनेने माझ्याकडे बघितलं. "आई, चहा टाकता का?"

मी बोलायला तोंड उघडलं होतं. माझ्याकडे त्या बाईसाठी इतकं काही साठलं होतं की दोन दिवस पुरलं असतं. पण तारीख जवळ होती आणि ती बाई आम्हाला हवी होती. किळस येणाऱ्या माणसाचीही गरज पडते, आणि त्या गरजेचीही किळस येते. दोन्ही गिळून मी चुलीशी गेले.

चहा उकळला. स्वयंपाकघरातून मी ओरडून विचारलं, "साखर किती?"

"थोडी चालेल," ती म्हणाली.

मी एक कणसुद्धा घातली नाही. कप तिच्यासमोर आदळला, बशीत सांडला. तिने एक घोट घेतला, तिला कळलं. माझ्याकडे बघितलं. मग तोंड वाकडं न करता तो सगळा चहा प्यायली, बशीतलासुद्धा.